बल्बचं किट घेण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी अंबडहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून मी तालुक्यातल्या गावांमधून फिरत असते, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माझा आवाज ओळखीचा असेल.

आज मी एका सॉफ्टवेअरबद्दल बोलणार आहे. थांबा, लगेच स्टेशन बदलू नका! इलेक्ट्रॉनिक सर्किट कॉम्प्युटरवर काढायचं, आणि एकही वस्तू विकत न घेता ते कसं चालेल, कुठे किती करंट जाईल, हे बघायचं, असं ते सॉफ्टवेअर आहे. डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरापोरींच्या अभ्यासातली गोष्ट. मी बीए झालेली, माझा त्याच्याशी काही संबंध यायचं कारण नव्हतं. पण आमच्या एका गटाचं दीड लाखाचं कर्ज या सॉफ्टवेअरपायी दोन महिने अडून राहिलं आणि शेवटी वेगळ्याच कामाला लागलं. ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण तुमच्याही गावात तो माणूस आला असेल, नाहीतर येईल.

कोणता माणूस? एलईडी बल्बच्या किटवाला. नाव घेत नाही, आणि तो एकटाही नाही. पूर्वी गटाला धंदा सुचवायचा म्हटलं की पापड, शेवया, मसाले, शिवण, शेळ्या. आता बल्ब आला. माणूस ग्रामसंघाच्या बैठकीला येतो, चहा घेतो, पिशवीतून सुटे भाग काढतो आणि पाच मिनिटांत बल्ब जोडून पेटवून दाखवतो. बघणाऱ्या बाईला वाटतं, हे तर भाकरी थापण्यापेक्षा सोपं. एक पंचिंग मशीन, एक सोल्डरिंग गन, हजार बल्बचे सुटे भाग आणि एक दिवसाचं ट्रेनिंग. वरून वचन, तयार माल आम्हीच उचलू. आमच्या अकरा जणींच्या गटाला त्याने किंमत सांगितली 1 लाख 35 हजार. बँकेकडून दीड लाख मिळण्यासारखे होते, गटाची परतफेड चांगली होती. ठराव लिहायचा तेवढा राहिला होता.

बल्ब जोडणं हे वाईट काम नाही, हे आधी सांगते. आयआयटी मुंबईने दहा-बारा वर्षांपूर्वी सौर अभ्यास-दिव्यांचा कार्यक्रम घेतला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा इथल्या शाळकरी लेकरांसाठी दहा लाख दिवे, आणि ते जोडायचं काम गावातल्याच लोकांना शिकवलं होतं, त्यात कितीतरी बायका होत्या. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, आसाम, ओडिशासाठी 70 लाख दिव्यांची योजना आली, तिच्यात तर बचत गटांनाच जोडणीचं काम दिलं. आपल्या वर्धा जिल्ह्यात कवठा झोपडी इथे गटातल्या बायकांनी सोलर पॅनलचा कारखाना उभा केला. म्हणजे बाईच्या हातात सोल्डरिंग गन शोभत नाही वगैरे काही नाही. फरक एवढाच, की त्या दिव्याचं सर्किट संस्थेतल्या जाणकार लोकांनी आखलेलं आणि तपासलेलं होतं. आमच्या किटमधलं सर्किट कोणी आखलं, कोणी तपासलं, असं विचारलं तर तो म्हणाला, "ताई, चालतंय की! पेटला ना?"

पेटला होता. तिथेच सगळं अडतं.

गटातल्या एका ताईंची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते, दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आलेली. आईने नमुन्याचा बल्ब तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, बघ गं, हे आपण करणार आहोत. पोरीने वरची पांढरी टोपी काढली, आतली छोटी पट्टी बाहेर घेतली आणि वहीवर सर्किट उतरवलं. मग लॅपटॉप उघडला. लॅपटॉप जुना, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला, चार्जर लावल्याशिवाय चालत नाही. त्यावर ईसिम नावाचं सॉफ्टवेअर होतं.

हे ईसिमही आयआयटी मुंबईतलंच. तिथे फॉसी नावाचा प्रकल्प आहे, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर चालतो. कॉलेजच्या पोरांना महागडी सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागू नयेत, चोरून वापरावी लागू नयेत, म्हणून फुकट आणि खुली सॉफ्टवेअर तयार करणं, शिकवणं हे त्यांचं काम. ईसिमचं आधीचं नाव ऑस्कॅड. ते सगळं इथेच शून्यातून बनवलेलं नाही. सर्किटचं चित्र काढायला कायकॅड नावाचं सॉफ्टवेअर आत बसवलं आहे, ते 1992 मध्ये फ्रान्समधल्या एका प्राध्यापकांनी सुरू केलं. आणि गणित करायला एनजीस्पाइस, त्याचं मूळ अमेरिकेत बर्कले विद्यापीठात आहे. 1973 साली लॉरेन्स नेगल नावाच्या विद्यार्थ्याने डोनाल्ड पेडरसन या प्राध्यापकांच्या हाताखाली स्पाइस नावाचा प्रोग्राम लोकांपुढे ठेवला. तेव्हा इवल्याशा चिपमध्ये शेकडो भाग बसायला लागले होते, एकदा चिप बनली की उसवून दुरुस्त करता येत नाही, म्हणून बनवण्याआधी गणिताने तपासायची गरज पडली. पेडरसन सरांनी तो प्रोग्राम मागेल त्याला देऊन टाकला. पन्नास वर्षांनी त्याचं नातवंड आमच्या गावात जुन्या लॅपटॉपवर चालतंय, ते त्यामुळे.

आता हे सॉफ्टवेअर करतं काय? शिवणकामाच्या क्लासला ज्या गेल्यात त्यांना लगेच कळेल. आपण ब्लाउजचं कापड थेट कापत नाही, आधी पेपर कटिंग करतो. माप चुकलं तर कागद वाया जातो, कापड नाही. तसंच हे. पडद्यावर कंडेन्सर, डायोड, रेझिस्टर अशा खुणा मांडायच्या, रेघांनी जोडायच्या, प्रत्येकाला त्याचं माप द्यायचं. मग सांगायचं, एवढा वेळ वीज सोड आणि प्रत्येक ठिकाणी काय होतं ते दाखव. ते आलेख काढून देतं. माप बदलायचं, पुन्हा सोडायचं. पाच पैशाचाही खर्च नाही, आणि शॉक तर नाहीच.

त्या बल्बमध्ये निघालं काय, तर आरसी ड्रायव्हर. सोप्या भाषेत सांगते. एलईडीचे नऊ दाणे एका माळेत ओवलेले. त्या माळेला लागतात साधारण 85 व्होल्ट. घरात येतात 230. मधला फरक अडवायला एक कंडेन्सर लावलेला, पंख्याला असतो त्याचाच लहान भाऊ. त्यावर 205 लिहिलेलं, म्हणजे 2 मायक्रोफॅरड. बाकी चार डायोड, एक गोल कंडेन्सर, एक-दोन रेझिस्टर. संपलं सर्किट.

पोरीने सगळं मांडलं, चालवलं, तर माळेतून करंट दाखवला 58 मिलिअँपिअर. दाण्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं 100 पर्यंत. आई खूश, म्हणजे आरामात चालेल! पण पोरगी म्हणाली, काहीतरी चुकतंय, एवढा उजेड 58 ला पडणार नाही. तिने सरांना फोन केला. सरांनी विचारलं, व्होल्टेज किती दिलं? 230. तर ते म्हणाले, अगं, आपली वीज वर-खाली होत असते, 230 हा तिचा कामापुरता धरलेला आकडा, तिचं टोक 325 ला जातं. सॉफ्टवेअरला टोक सांगावं लागतं. 325 टाकल्यावर उत्तर आलं सुमारे 95. हे मी मुद्दाम सांगते. तुम्ही चुकीचं विचारलं तर सॉफ्टवेअर "बाई, नीट विचार" असं म्हणत नाही. चुकीच्या प्रश्नाचंही ते अगदी टापटिपीत उत्तर देतं.

तर 95, आणि दाण्याची मर्यादा 100. म्हणजे पास. इथपर्यंत किटवालाही खरा होता.

पुढचा प्रश्न पोरीचा नाही, सरांचा नाही. गटातल्या साठीच्या मावशींचा. त्या सही करायला शिकल्या गटात आल्यावर. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं रात्री मोटारी बंद झाल्या की लाईट किती वाढती, ते घाल की त्याच्यात." आम्ही सगळ्या गप्प. खरंच होतं ते. डीपीवरच्या सगळ्या मोटारी चालू असल्या की घरातला बल्ब मिणमिणतो, आणि मोटारी बंद झाल्या की पंखा असा पळतो की पातं निघून येतं का काय वाटतं. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरीच्या डोक्यात 230 हाच आकडा पक्का, कारण पुस्तकात तोच आहे. वायरमनने एकदा मीटर लावून आमच्या गल्लीत 270 दाखवलेले मावशींना आठवत होते.

तिने घातले 270. करंट गेला जवळपास 120. मग 300. करंट 135 च्या वर. म्हणजे नऊ वॅटचा म्हणून घेतलेला बल्ब साडेअकरा वॅट खायला लागला, आणि ती जास्तीची वीज उजेडापेक्षा गरमीतच जास्त जाते. दाणे तापले की लवकर मरतात. 180 व्होल्टला उलट, करंट 70 च्याही खाली, म्हणजे मोटारींच्या वेळेला अंधुक.

असं का होतं? जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांना समजेल. चारीचं तोंड ठरलेलं आहे. कालव्याला पाणी वाढलं की शेतात पाणी वाढणारच, तोंड तेवढंच असलं तरी. आरसी ड्रायव्हर म्हणजे नुसतं तोंड. तिथे दारं धरायला कोणी उभं नाही. दुसरा एक ड्रायव्हर मिळतो, त्यात आयसी असते, ती करंटवर नजर ठेवते आणि व्होल्टेज वाढलं तरी करंट तेवढाच सोडते. तिथे माणूस खोरं घेऊन उभा आहे म्हणा. तो थोडा महाग असतो. किटमध्ये नव्हता.

मावशींचं तेवढ्यावर भागलं नाही. "आन् न्यूट्रल तुटली तर?" दोन वर्षांपूर्वी वाऱ्याने डीपीजवळची न्यूट्रल तुटली होती, तेव्हा आमच्या गल्लीतले टीव्ही, चार्जर, बल्ब सगळे गेले होते. न्यूट्रल तुटली की एका फेजवरची घरं दुसऱ्या फेजवरच्या घरांशी जोडली जातात, आणि ज्या बाजूला उपकरणं कमी चालू असतात तिकडे व्होल्टेज 400 कडे जातं. 400 घालून बघितलं तर करंट 190. दाण्याच्या सोसण्याच्या जवळजवळ दुप्पट. हे खऱ्या बल्बवर करून बघायचं धाडस कोणी केलं नसतं, आणि करू पण नये. पडद्यावर अर्ध्या मिनिटाचं काम.

शेवटी पोरीनेच एक प्रश्न काढला. नऊ दाण्यांपैकी एक जळून माळ तुटली तर? तिने पडद्यावर एक रेघ पुसली. करंट शून्य, बल्ब बंद, यात काही विशेष नाही. पण त्या गोल कंडेन्सरवरचं व्होल्टेज 85 वरून चढत चढत सव्वातीनशेच्या आसपास गेलं. कंडेन्सरच्या अंगावर छापलेलं होतं 160. म्हणजे तो फुगणार, फुटणार. बल्ब उडाला की फट्ट आवाज येतो ना, त्यातला एक आवाज हा असू शकतो.

इथे एक गोष्ट नीट ऐका. पडद्यावर कंडेन्सर फुटला नाही. ईसिममध्ये काहीच फुटत नाही, धूर निघत नाही. ते फक्त आकडा देतं. 160 छापलेल्या वस्तूवर 325 आले हे माणसालाच ताडून बघावं लागतं. शाळकरी लेकरांसाठी टिंकरकॅड म्हणून एक फुकट साइट आहे, तिच्यात एलईडीला जास्त करंट दिला की तो फुटल्याची खूण दिसते, लेकरं हसतात आणि शिकतात. पण ती शिकायला चांगली, असल्या घरगुती विजेच्या हिशोबाला ईसिमसारखं लागतं.

आणखी बरंच काही ते सांगत नाही. प्लॅस्टिकच्या बंद टोपीत गरमी किती साठेल, हे आमच्या त्या चित्रात नव्हतंच. कंडेन्सरवर 2 मायक्रोफॅरड छापलंय आणि आत दीडच भरलंय, हे त्याला कळायला मार्ग नाही. पेपर कटिंग बरोबर असलं तरी कापड पहिल्या धुण्यात आटेल का, हे कागद सांगत नाही, तसंच. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला बाई दिसत नाही. आरसी ड्रायव्हरमध्ये दाण्यांची पट्टी थेट घरच्या विजेला जोडलेली असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. टोपी न लावता बल्ब होल्डरला लावून तपासला आणि बोट लागलं तर पूर्ण शॉक. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तपासायला तसंच शिकवत होते, टोपी काढून, चटईवर बसून, शेजारी लेकरं खेळत असताना! पडद्यावरच्या सर्किटमध्ये एका ठिकाणी ग्राउंडची खूण द्यावीच लागते, नाहीतर गणित होत नाही. पण ती खूण मोजायला सुरुवात कुठून करायची त्यासाठी असते. तिचा अर्थ अर्थिंग आहे असा नाही. हे पोरीने आम्हाला दोनदा समजावलं, आणि बरं केलं.

आम्ही किटवाल्याला तीन गोष्टी विचारल्या. आयसीवाला ड्रायव्हर देणार का? माल उचलण्याचं वचन स्टँपपेपरवर देणार का? आणि नोंदणीचं काय? एलईडी बल्ब बाजारात विकायचा तर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते, मानकाचा नंबर आयएस 16102. नोंदणी असलेल्या बल्बवर, नाहीतर त्याच्या खोक्यावर, आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, दुकानात बघा तुम्ही. तो म्हणाला, छोट्या गटाला कोण विचारतंय. बाकी दोन्हीचं उत्तर "कळवतो" असं होतं. अजून कळवलेलं नाही.

गटात यावरून वाद झाला, तोही सांगते. दोघी जणी चिडल्या. एकीचं म्हणणं, तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणणार, असं तपासत बसलं तर कुणी धंदाच करायला नको. दुसरीच्या घरी लग्न होतं, तिला दोन पैशांची घाई होती. त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. दोन महिने गेले, आणि गेलेले महिने कोणी भरून देत नाही. मला विचाराल तर दोन महिने परवडले. हप्ता तीन वर्षं भरावा लागला असता, आणि जळालेले बल्ब घेऊन लोक आमच्याच दारात आले असते. किटवाल्याच्या नाही.

आता गट काय करतो? बल्ब दुरुस्ती. 20 हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं. मल्टिमीटर, दोन सोल्डरिंग गन, रबरी चटई, आणि आयसीवाले सुटे ड्रायव्हर. गावातले जळालेले बल्ब आणतात, ड्रायव्हर गेला असेल तर बदलतात, दाणा गेला असेल तर पट्टी बदलतात, टोपी लावल्याशिवाय वीज सोडत नाहीत. चौघी करतात, बाकीच्या गोळा करून आणतात. मिळकत फार नाही, पण रोजच्या भाजी-तेलाचं निघतं. तपासून झालेल्या बल्बवर मावशी पेनाने तारीख टाकतात.

तुमच्या गटापुढे बल्ब, सोलर दिवा, डास मारायची बॅट, इन्व्हर्टर असलं काही आलं, तर आधी त्याचं सर्किट मागा. गावातली एखादी मुलगी-मुलगा डिप्लोमाला असेल, त्यांना घरी बोलवा. नसेल तर अंबडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे, तिथल्या शिक्षकांना जाऊन भेटा, चार जणी मिळून जा. ज्यांच्या लेकरांना स्वतः शिकायचं असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचेच स्पोकन ट्युटोरियल म्हणून छोटे व्हिडिओ आहेत, एकेक साधारण दहा मिनिटांचा. व्हिडिओ थोडा चालवायचा, थांबवायचा, तसंच आपल्या लॅपटॉपवर करायचं, पुढे जायचं. बऱ्याच विषयांचे मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. आणि जाताना आपले प्रश्न घेऊन जा. रात्री व्होल्टेज किती वाढतं, लाईट दिवसातून किती वेळा जाते-येते, पाऊस आत येतो का, चुलीचा धूर कुठवर जातो. हे पुस्तकात नसतं, आणि ते घातल्याशिवाय आपल्या गावचं उत्तर येत नाही.

मावशींनी आता नवीन काम काढलंय. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा ऑटो सारखा जळतो, त्याचं चित्र काढ म्हणतात. पोरगी म्हणते, तीन फेजची मोटार चित्रात बसवणं बल्बइतकं सोपं नाही, सरांना विचारावं लागेल. तिची परीक्षा संपली की दोघी बसणार आहेत.